टोपीकरांचं सोनं

आश्विनाचं हळदउजळ, झेंडूगंधी ऊन सावरगडाच्या तटावर उतरलं होतं. खाली खोऱ्यात भात पिकलं होतं, आणि त्या सुवर्णपीत भातात टोपीकरांचे पांढरे तंबू, बुरशीसारखे. अख्खा पावसाळा वेढ्यात गेला होता. आज दसरा, पण गडावर एका दाराला तोरण नव्हतं.

सकाळीच पांढरं निशाण फडकावत त्यांनी दरवाजाशी टोपली आणून ठेवली. टोपलीत पदकं! पितळेची, सोन्याचं पाणी दिलेली, लखलखती. प्रत्येकावर घुमटगडाचे ढासळते बुरुज, वर त्यांचं निशाण, खाली आपल्याच अक्षरांत कोरलेलं: घुमटगड पडला, शरण या.

गडाचा धीर सुटला. घुमटगड शेजारचाच, पण मधल्या डोंगराआड. दिसत नसे, फक्त ऐकू येई. तोच पडला तर कुमक कुठून येणार? किल्लेदार हैबतराव दरवाजाच्या किल्ल्या हातात घेऊन बसले. त्यांची लेक सगुणा बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि जावई सुभानजी घुमटगडावर गोलंदाज. पदकावरच्या त्या ढासळत्या बुरुजाखाली तिचं कुंकू होतं.

तिने पदक उलटंपालटं करून पाहिलं. "आबा, आज दसरा. दरसालसारखी तोफ डागा."

"उत्तर नाही आलं तर गं?"

"तर दार उघडा. पण आधी विचारा तरी!"

दर दसऱ्याला मावळतीला सावरगड तोफेचा बार काढी, घुमटगड उत्तर देई. सगुणाच्या लग्नापासून उत्तर दोनदा येई: एक बार सासऱ्यांना मुजरा, दुसरा सणाला माहेरी आलेल्या बायकोला. गडावरच्या बायका तिला चिडवून बेजार करीत, आणि ती पदरात तोंड लपवी.

सूर्य कलला, केशरला, बुडाला. बार झाला. खोरं घुमलं, मग निमालं. सगुणाचा हात पोटावर होता.

धडाम! डोंगराआडून.

"टोपीकरच विजयाची तोफ उडवत असतील," कुणी पुटपुटलं. सगुणा जागची हलली नाही.

आणि मग, धडाम! दुसरा!

"अगं बाई, माझे धनी!" लाजबीज विसरून ती ओरडली. तट हसला, तट रडला, बुरुजाबुरुजावर पागोटी उडाली. हैबतरावांनी डोळे पुसले आणि किल्ल्या कमरेला खोचल्या.

"आबा, दसऱ्याला त्यांनी सोनं पाठवलं. आपण रिकाम्या हातांनी बसायचं होय?"

टोपली तोफेच्या तोंडात रिती झाली. बत्ती सगुणानेच दिली.

"सोनं घ्या," सारा गड एका गळ्याने गरजला, "सोन्यासारखे राहा!"

आणि आश्विनाच्या त्या केशरी संधिप्रकाशात, पांढऱ्या पांढऱ्या तंबूंवर, लखलखत, खणखणत, टोपीकरांचं खोटं सोनं बरसू लागलं.