हिरवी पडले, पण रिकामी झाले नाही

मी एक जुनी काचपेटी आहे, मित्रांनो, पण जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. आज या घडीला माझ्या पोटात पाणी आहे, पाण्यात मासे आहेत आणि खालून एक थेंबसुद्धा गळत नाही. तुमच्या घरातल्या किती जुन्या वस्तूंना असं छातीठोकपणे सांगता येईल? विचारून बघा.

माझा जन्म चंद्रपूरचा, साल चौऱ्याऐंशी. एका वेल्डरने खिडक्यांच्या कामातून उरलेल्या लोखंडी अँगलची चौकट जोडली. काचवाल्याने तिच्यात काचा बसवल्या आणि फटीफटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. पहिल्यांदा पाणी ओतलं तेव्हा मी चारही कोपऱ्यांतून गळले. काचवाला म्हणाला, "हे काई टिकत नाई भाऊ. भंगारात देऊन टाका." मला असा राग आला म्हणता! दुसऱ्यांदा लांबी भरल्यावर मी जी घट्ट बसले ती बसलेच.

मला विकत घेतलं श्रीहरीने. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कचेरी, नवे क्वार्टर, नवे साहेब, आणि त्या कचेरीत हा नवा कारकून. जातीचा ढिवर, ब्रह्मपुरीकडच्या एका तळ्याकाठच्या गावचा. मायबापाने तळ्यातले मासे विकून त्याला शिकवलं होतं. कचेरीतल्या लोकांनी घरी यावं, "वा!" म्हणावं, अशी त्याला भारी हौस. त्याने नागपूरहून चार सोनमासे आणले आणि मला बैठकीच्या खिडकीत, भर उजेडात ठेवलं. रस्त्याने जाणारेसुद्धा थांबून बघायचे. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार मिरवले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याचे वडील वारले आणि तो आईला, भागीरथाबाईला, क्वार्टरमध्ये घेऊन आला. चाळीस वर्षं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली बाई ती. इथे ना तळं, ना जाळं, ना बाजार. दोन दिवस ती नुसती दारात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर पाट मांडला आणि लेकाला म्हणाली, "श्रीहरी, हे एवढं पानी राहू दे बापा माह्यापाशी. याच्यावरच दिवस काढीन मी." त्या दिवसापासून मी तिची झाले.

आता हिची एक रीत होती, आणि ती चांगलीच होती. घरी आलेला माणूस हातावर काही पडल्याशिवाय परत जाता कामा नये. भाजीवाली येवो, पोस्टमन येवो, शेजारचे पत्रूभाऊ दिवसातून चारदा येवोत, प्रत्येकाच्या ओंजळीत मुरमुरे पडायचेच. आणि वर ती म्हणायची, "माशायले बी द्या थोडेसे. लेकरं हायेत माहे." मग प्रत्येक जण चिमूटभर मुरमुरे माझ्यात टाकायचा. दिवसाला दहा पाहुणे म्हणजे दहा चिमटी. त्यात सकाळचा शिळा भात, संध्याकाळी पोळीचा तुकडा. मासे खाऊन खाऊन थकायचे, उरलेलं तळाशी कुजायचं. अति तिथे माती म्हणतात ना, तशी माती माझ्या पोटात साचत गेली आणि मी बिचारी गप्प, कारण बोलता येत असतं तर हे आत्मवृत्त तेव्हाच ऐकवलं असतं.

श्रावणात मी हिरवी पडले. आधी काचांवर बुळबुळीत थर चढला, मग पाणीच हिरवं झालं. मासे दिसेनात, वास सुटला. जे "वा!" म्हणायचे ते नाकाला रुमाल लावून बसू लागले. श्रीहरीने मला अंगणात नेऊन राखेने घासलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. त्या दिवशी नळाच्या पाण्यात औषध जरा जास्तच पडलं होतं. संध्याकाळपर्यंत एक मासा उलटा तरंगला, आणि दहा दिवसांत मी पुन्हा जशीच्या तशी हिरवी.

पत्रूभाऊ पुडी घेऊन आले. "मोरचूद हाय बाई. चिमूटभर टाका, शेवाळ साफ!"

"शेवाळ मरन," भागीरथाबाई म्हणाली, "मंग मासे काय मामाच्या गावाले जातीन? न्या ते तुमचं जहर वापस."

पण लेकाला कसं परतवणार? त्याच्या साहेबांनी दसऱ्याला सोनं द्यायला घरी येतो म्हणून सांगितलं होतं. श्रीहरी वैतागून म्हणाला, "माय, दसऱ्यापर्यंत हे पानी साफ नाई झालं तर पेटी रिकामी करतो. चौकातला पानठेलेवाला बिस्किटं ठेवाले मांगून राह्यला. साहेबापुढं मले हसं करून घ्याचं नाई."

बिस्किटं! माझ्यात! मित्रांनो, मला फोडलं असतं तरी चाललं असतं, पण पोटात बिस्किटं घेऊन ठेल्यावर बसायचं?  त्या दिवशी भागीरथाबाई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती अंगणातल्या टाक्याशी तांदूळ धुवत होती. धुवण ज्या फरशीवर रोज सांडायचं तिथे हिरवीगार बुळबुळ होती, आणि हातभर पलीकडे फरशी स्वच्छ. ती हातातलं काम टाकून तिथेच बसली. मग आत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "अवो माय! तळ्याच्या घाटावर, जिथं बाया खरकटे भांडे घासते, तिथंच शेवाळ राहे. मधात पानी आरशावानी. चाळीस वर्सं पाह्यलं मी, अन् इथी मीच घाट करून ठेवला! मासा धराले आला मले, ठेवाले नाई आला."

चूक कळायला वेळ लागला, पण कबूल करायला एक क्षण लागला नाही. ही बाई मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडली.

ती एसटीने गावी गेली आणि दुसऱ्या दिवशी मडकं घेऊन परतली. मडक्यात दहाबारा गोगलगाई आणि चिल्याच्या जुड्या होत्या. चिला म्हणजे तळ्याच्या पाण्याखाली वाढणारं गवत. शेवाळाच्या तोंडचा घास तेच खाऊन टाकतं. पत्रूभाऊंना हाताशी घेऊन तिने थोडं पाणी उपसलं आणि मला खिडकीतल्या उजेडातून उचलून आतल्या भिंतीशी ठेवलं. तळाची घाण नळीने ओढून काढली. सगळं पाणी बदललं नाही. दर आठवड्याला चार बादल्या काढायच्या आणि नळाचं औषध उडून जावं म्हणून दोन दिवस उघड्यावर ठेवलेलं शिळं पाणी भरायचं. समोरची काच वाळक्या दोडक्याच्या जाळीने पुसायची, मागची गोगलगाईंना सोडायची. आणि सगळ्यात अवघड ते शेवटी. मुरमुरे बंद. सकाळी एकदाच, नखावर मावेल एवढं खाणं.

मासे माझ्या काचेला तोंड लावून तिच्याकडे बघायचे, भुकेने चिल्याची पानं तोडायचे. तिचा जीव तुटायचा, पण हात डब्याकडे गेला नाही. शेजारची ठमाबाई तर फणकारून म्हणाली, "काऊन वो, माशायच्या तोंडचा घास हिसकून राह्यली? एवढी चिंगूस कधीपासून झाली तू?"

"म्हन चिंगूस," भागीरथाबाई म्हणाली. "तुले लाडू देतो. माशायले नाई."

पंधरा दिवस काहीच झालं नाही. श्रीहरी रोज कचेरीतून आला की माझ्यात डोकावायचा आणि मान हलवायचा. मीही ठरवलं होतं, हार मानायची नाही. मग हळूहळू पाण्यातला हिरवा रंग बसू लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तीनही मासे या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसले.

दसऱ्याला संध्याकाळी लोकांची रीघ लागली. हातात सोन्याची पानं, पायांवर डोकी, ताटात चिवडा. आणि जो तो माझ्याकडे वळून म्हणे, "वा! माशायले बी दसरा करू द्या." भागीरथाबाई पाट घेऊन माझ्यासमोर ठाण मांडून बसली होती. एकालाही जवळ येऊ देईना. तेवढ्यात साहेब आले. श्रीहरी खुर्ची पुसत, पाणी देत, नुसता नाचत होता. साहेब माझ्यासमोर वाकले, खूश झाले आणि ताटातला चिवडा चिमटीत घेऊन हात पुढे केला.

भागीरथाबाईने त्यांचं मनगट धरलं.

 श्रीहरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, तुमी पोटभर खा. कमी पडलं तर आनखी देतो," ती म्हणाली. "मासे जेवले हायेत. तुमच्या एका चिमटीनं माह्यं दीड महिन्याचं पानी नासन."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "एवढ्याशा चिवड्यानं?"

ती उत्तर देणार तोच श्रीहरी पुढे झाला.  "हो साहेब. माय बरोबर सांगते. इथी कोणी बी काई टाकाचं नाई."

साहेबांनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली. मागे ताटकळलेल्या दोघांचे पुढे आलेले हात श्रीहरीने स्वतःच मागे सारले. भागीरथाबाईने पदराने डोळे पुसले आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं.

त्यानंतर मी कितीतरी मासे सांभाळले, एकदा मागची काच बदलली, दोनदा घर बदललं. शेवाळ अजूनही येतं, मित्रांनो. येऊ दे. त्याला मी घाबरत नाही, ते आपलं काम करतं, मी माझं. मला भीती वाटते ती फक्त तुमच्या मायेची, कारण ती दहा हातांनी येते आणि थांबायचं कुठे ते तिला कळत नाही. म्हणून माझ्यासमोर याल तेव्हा डोळे भरून बघा, हवं तेवढा वेळ बघा, पण हात मागे बांधून. फारच द्यावंसं वाटलं तर दोन दिवसांचं शिळं पाणी बादलीभर आणा.