इद्रिसची हाक

शुक्रवारी सकाळी सहाच्या सुमाराला, सौदीतल्या हाइल शहराच्या दक्षिणेला, पेट्रोल पंपासमोरच्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरने एका पांढऱ्या उंटिणीला धडक दिली. ड्रायव्हरला खरचटलंही नाही. उंटीण बसली, ती उठली नाही.

हाशम मुकादम तेव्हा शेतकरी संस्थेच्या रेडिओ केंद्रात होता. गव्हाच्या कोठारामागच्या दोन खोल्या, म्हणजेच हे केंद्र. नुकताच ‘रानाची सकाळ’ हा कार्यक्रम संपला होता आणि तो हेडफोनची वायर गुंडाळत होता. या कार्यक्रमात आधी विहिरींचं पाणी, चाऱ्याचे भाव, गावातल्या लग्नांच्या बातम्या असत आणि शेवटची पाच मिनिटं रानाची असत. कधी कोल्ह्याचं भुंकणं, कधी माळढोकासारख्या हुबारा पक्ष्याच्या पंखांची फडफड. हे आवाज टिपणारा हाशम दाभोळचा. आला होता वायरमन म्हणून, मग हळूहळू माइक त्याच्या हातात आला. आजचा कार्यक्रम त्याचा शेवटचा होता. स्थानिक तरुणांना कामावर घ्यायच्या सरकारी नियमात त्याची खुर्ची गेली होती. ती मिळाली मशारीला. पोरगा गुणी होता आणि हाशमला बापासारखा मान द्यायचा.

“रानातल्या किड्यामुंगीचा आवाज तू लोकांना ऐकवलास, अबू अदनान,” मशारी सकाळीच हसत म्हणाला होता. अदनानचा बाप म्हणून तिथे सगळे हाशमला याच नावाने हाक मारत. “स्वतःचा मात्र एकदाही लावला नाहीस.”

“माझं अरबी ऐकून उंट पळतील रे.”

शेवटच्या दिवशी काय लावायचं, हे हाशमने मनाशी आधीच ठरवलं होतं. इद्रिसची हाक. इद्रिस सुदानचा, मशारीच्या वडिलांचे उंट राखायचा. हाशम कुठेही रेकॉर्डिंगला गेला की परतताना त्याच्या तंबूत चहा ठरलेला. ती हाकही त्याने तिथेच टिपलेली. दर गुराख्याची हाक वेगळी असते आणि उंट आपल्याच माणसाच्या हाकेला येतो. इद्रिसची हाक लांब सुरू व्हायची, मध्येच घशात मोडायची आणि जिभेच्या टकटकीवर संपायची. ती ऐकली की वद्हा नावाची पांढरी उंटीण टेकाडापलीकडून यायची. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दुसऱ्याच कफीलच्या, म्हणजे मालकाच्या नावावर निघाला म्हणून थंडीच्या सुरुवातीला इद्रिसला धरून मायदेशी पाठवलं. जनावरांपर्यंत जाऊन यायलाही त्याला मिळालं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस वद्हा नीट चरली नव्हती.

आपण जाताना आपल्या आधी गेलेल्याचा आवाज लावावा, एवढंच हाशमला वाटलं होतं.

मशारी फोन घेऊन दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “वडिलांचा फोन होता. वद्हाला गाडीने उडवलंय.”

पंपावर गाडी थांबताच तिथे काम करणारा श्रीवर्धनचा खुर्शीद धावत आला. “हाशमभाई, काय सांगू तुम्हाला. पाच-सहा ट्रक उभे होते, सगळ्यांचे रेडिओ मोठ्याने लावलेले. तुमचाच कार्यक्रम. तो हाक मारायचा आवाज आला ना, तशी ही पलीकडून सुटली. सरळ इकडेच. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण टँकर भरलेला...”

“कुठल्या आवाजावर?” मशारीने हिंदीत विचारलं.

खुर्शीदने नुसतं हाशमकडे पाहिलं.

उंट आपल्याच माणसाच्या हाकेला येतो, हे वाक्य हाशमने मशारीच्या वडिलांच्या तोंडून स्वतः रेकॉर्ड केलं होतं. दोनदा लावलंही होतं. पण इतक्या वर्षांत रेडिओ माणसंच ऐकतात, असं तो धरून चालला होता.

मशारीचे वडील, म्हातारे अबू नाइफ, रस्त्याकडेच्या वाळूत वद्हाच्या मानेपाशी बसले होते. जनावरांचा डॉक्टर पाहून गेला होता. मांडीचं हाड मोडलंय की नुसता मार आहे, ते त्याला नक्की सांगता आलं नव्हतं. आपल्या पायांवर उठली तर जगेल, नाही तर सुरी फिरवा, असं तो म्हणाला होता.

हाशम त्यांच्यासमोर उकिडवा बसला. “अबू नाइफ, चूक माझी आहे. ती हाक मी लावली.”

“ठाऊक आहे.” म्हाताऱ्याने तिच्या डोळ्याजवळची वाळू पुसली. “पिकअपमध्ये मीही ऐकली. मी गाडी थांबवली, दार उघडून खाली उतरलो. वाटलं, आला.”

समोर ठेवलेल्या घमेल्यातल्या पाण्याला वद्हा तोंड लावत नव्हती.

“तो आवाज आहे का आता तुझ्याजवळ?” अबू नाइफनी विचारलं.

हाशमने पिशवीतून रेकॉर्डर काढला. त्याचं बोट बटणावर थबकलं. “पुन्हा फसवायचं तिला?”

“पाणी प्यायला पाहिजे.”

हाक वाळूवर उमटली. वद्हाचे कान फिरले. तिने मान लांब केली, मागचा एक पाय हलवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग डोकं खाली करून ती पाणी प्यायली. आवाज संपला तशी थांबली. अबू नाइफ म्हणाले, “लाव.” हाशमने पुन्हा लावली. घमेलं रिकामं होईपर्यंत तो लावत राहिला.

दुपारी दाभोळहून बायकोचा, रुकय्याचा फोन आला. “उद्याचं विमान नक्की ना ओ? अदनान सकाळपासून विचारतोय.”

“नक्की.”

“आवाज असा का येतोय?”

“धूळ आहे इथे,” हाशम म्हणाला.

निघताना त्याने रेकॉर्डर मशारीच्या हातात दिला. तो केंद्राचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. “आवाज मोठा नको करूस,” तो म्हणाला. “जवळ बसून हाक मारल्यासारखं वाटलं पाहिजे.”

मशारीने मान हलवली. “आणि ती उठून शोधायला लागली तर?”

हाशमने त्याच्या हातातल्या रेकॉर्डरचा आवाज आणखी थोडा कमी केला.

तो दाभोळला पोचून आज आठवडा झाला. मशारीचा निरोप सकाळी येतो. अबू नाइफ तिच्याजवळ तंबू टाकून राहिले आहेत, सुरी अजून काढलेली नाही. इद्रिसचा सुदानचा नंबर हाशम रोज लावतो, तो बंद आहे. आजच्या निरोपानुसार वद्हा हाक लावली की पाणी पिते, थोडा चाराही घेते. हाक संपली की तोंड रस्त्याकडे करून बसते. अजून उठलेली नाही.