समुद्रावरून नेलेलं घर

बर्फावरच्या गाडीचा, स्नोमोबाईलचा, पट्टा तुटला तेव्हा हेझकाया पार्डीने जावयाकडे नुसतं पाहिलं. शिव्या द्यायला दम लागतो आणि त्या उघड्या माळावरच्या वाऱ्यात दम जपून वापरावा लागतो.

“जादाचा पट्टा सीटखाली असेल ना?” त्याने विचारलं.

“होता,” गार्लंड म्हणाला. “रविवारी क्लेरन्सला दिला.”

“आणि परत मागितला नाहीस.”

“असा कसा मागणार, हेझ काका? शेजारी आहे तो.”

न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर मागितलेली वस्तू न देणं आणि दिलेली वस्तू परत मागणं हे सारखंच निलाजरं मानलं जाई. खुद्द हेझच्या निम्म्या कुऱ्हाडी याच कारणाने गावभर पसरलेल्या होत्या. तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

मिटला नाही तो गार्लंडच्या पायाचा प्रश्न. गाडी थांबली ती एका गोठलेल्या तळ्याच्या काठावर, आणि गार्लंड उतरला तो नेमका पातळ बर्फावर. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बूट पाण्याने भरला. कॅरिबूच्या, म्हणजे रानटी रेनडियरच्या, मागावर दोघे सकाळीच निघाले होते. कॅरिबू दिसला नाही तो नाहीच, वर आता पश्चिमेकडून आभाळ काळवंडत चाललं होतं. ओल्या पायाने हिमवादळात सापडणं म्हणजे काय, हे हेझने उमेदीच्या वयात डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या चुलत्याला उरलेलं आयुष्य एका पायावर काढावं लागलं होतं.

“बस खाली आणि बूट काढ.”

“आधी निघू या की. अंधार पडेल.”

“बस म्हणतो ना. तुझा पाय माझ्या लेकीचा आहे. तिला काय सांगू, रस्त्यात विसरलो?”

हेझने मोजा पिळून काढला आणि पाय कोरडा केला. बोटांवर स्वतःचा लोकरीचा आतला हातमोजा चढवला. मग चाकू काढून त्याने गाडीची सीट फाडली. गार्लंडच्या तोंडून हाय निघालं, कारण गाडी नवी होती आणि तिचे हप्ते अजून चालू होते. सीटमधला स्पंज हेझने पोटरीपर्यंत गुंडाळला, वरून सीटचंच रेक्झिन घट्ट लपेटलं आणि सामान बांधायच्या पट्ट्याने आवळून टाकलं. पाय दिसायला गलेलठ्ठ आणि हास्यास्पद झाला, पण वारा आत शिरेना.

काठाला फरची खुरटी झाडं होती. वाऱ्याने माना मोडलेली, कंबरेएवढीच. त्यांच्या दाट फांद्या तोडून, बुडखा पुढे आणि शेंडा मागे असा धरून, हेझने त्या दोघांच्या पायांखाली बांधल्या. दोरी पुरेना तेव्हा गाडीच्या वायरी उपसल्या. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून जे बूट लागतात, त्यांची ही गरिबाघरची आवृत्ती. गाडीचं पुढचं झाकण निखळवून उलटं टाकलं, त्याला दोर लावला, की झाली घसरगाडी. तिच्यात कुऱ्हाड, चहाची किटली आणि दुधाच्या रिकाम्या डब्यात थोडं पेट्रोल. बंदूक पाठीवर.

“आता मायर्टलने आपल्याला पाहिलं तर घरात घेणार नाही,” गार्लंड म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

“तुला नाही घेणार. मला ओळखते ती.”

निघताना मात्र हेझ घुटमळला. पोर्ट अल्डर, जिथे त्यांचं राहतं घर होतं, ते पश्चिमेला. डोंगर चढून पलीकडे, सारा वारा तोंडावर, आणि धडधाकट माणसालाही दिवस पुरणार नाही एवढं लांब. पूर्वेला ओढा उतरत उतरत समुद्राला मिळत होता. वाट जवळपास निम्मी, उताराची, वारा पाठीला. ओढ्याच्या मुखाशी हेझचं जुनं गाव, गॅनेट टिकल, होतं, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपर्यंत होतं.

“घर इकडून जवळ पडेल,” हेझ म्हणाला आणि पूर्वेकडे हात केला.

“घर? काका, तिकडे काय उरलंय?”

“ट्रायफीना मावशीचं घर आहे. तेवढं कोणी नेलं नव्हतं. चूल असेल, चार भिंती असतील.”

गार्लंड मूळचा पोर्ट अल्डरचा. त्याने गॅनेट टिकल होडीतून लांबून तेवढं पाहिलं होतं. तरी तो निघाला. हेझ पुढे चालू लागला, आणि त्याच्या मनात जे चाललं होतं ते काही त्या वाऱ्याइतकं सरळ नव्हतं.

सरकारने सांगितलं होतं की लहान गावांना शाळा, डॉक्टर, रस्ता काही मिळणार नाही, मोठ्या गावात चला. मग मत घेतलं गेलं. हेझने हात वर केला, कारण सगळ्यांनी केला आणि कारण त्याची बायको, लेक मायर्टलची आई, ड्रुसिला, डॉक्टर वेळेवर न आल्यामुळेच गेली होती. त्या उन्हाळ्यात माणसांनी आपली घरं जमिनीवरून उचलली, खाली रिकामी पिंपं आणि ओंडके बांधले आणि होड्यांच्या मागे लावून खाडीपलीकडे ओढत नेली. हेझचं घर तर पडद्यांसकट गेलं. कपाटातली एक बशी फुटली नाही, याचं लोकांनी कौतुक केलं. ड्रुसिला तेवढी टेकडीवर राहिली. कबरी कुठे तरंगतात?

त्यानंतर तो तिकडे एकदाही गेला नाही. मासेमारीला गेला तरी होडी लांबून काढायचा. “काय ठेवलंय तिकडे,” असं म्हणायचा, आणि लोकांना ते पटायचं. पण त्याला तिकडची आठवण येत नव्हती असा एक दिवस गेला नव्हता. म्हणूनच आता तो मनाशी भांडत होता. वाट जवळची म्हणून धरलीस, की जीव ओढतो म्हणून? मावशीचं घर उभं नसलं तर? आपल्या ओढीपायी लेकीचा नवरा मारशील, म्हाताऱ्या.

दोघे ओढ्यापर्यंत पोचायच्या आतच वादळ त्यांच्यावर आलं. हात लांब केला तर पंजा दिसेना. गार्लंड मघाशी पाय दुखतो म्हणत होता, आता म्हणेनासा झाला, आणि हेझला त्याचीच धास्ती वाटली. मग समोर बर्फात घसरगाडीची खूण दिसली. ती त्यांचीच होती. दोघे गोल फिरून आले होते.

हेझ थांबला, बंदूक खाली ठेवली आणि अंगातला कोट काढून उलटा घातला. अस्तर बाहेर, शिवण बाहेर.

“आता हे काय, काका?”

“वाट चुकवणारे असतात माळावर. ओळखीच्या जागी माणूस फिरवतात. कोट उलटा केला की त्यांना तो माणूस ओळखू येत नाही.”

“पोर्ट अल्डरला हे आजीबाई सांगतात.”

“मग पोर्ट अल्डरच्या आजीबाई शहाण्या आहेत.”

गार्लंड हसला. पण हेझने मागे वळून पाहिलं तेव्हा जावईबापूंनीही गुपचूप कोट उलटा केलेला होता. कोटाने काम केलं की नुसतं थांबून श्वास घेण्याने, कोण जाणे, पण त्या थांबण्यात हेझला बर्फाखालून वाहणाऱ्या ओढ्याचा आवाज ऐकू आला. मग त्याने तो आवाज सोडला नाही. वाटेत फांद्यांचे बूट सुटले की नव्या फांद्या बांधल्या. शेवटी शेवटी गार्लंडला झाकणात बसवून ओढावं लागलं. त्या वयात हेझने ते कसं केलं हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

संध्याकाळच्या तोंडाला वारा जरा पडला आणि समोर समुद्र दिसला. हेझने ट्रायफीना मावशीच्या घराकडे पाहिलं.

घर नव्हतं. फळ्यांचा एक ढीग होता, छप्पर खाली बसलेलं, त्यावर बर्फ. चूल कोणीतरी केव्हाच उचलून नेली असणार. आडोशाला म्हणून एक भिंतही उभी नव्हती.

“हेच का?” गार्लंडने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे हेझला जास्त लागलं. माझी चूक झाली, असं तो म्हणणार होता. पण चूक कबूल करून कोणाचा पाय गरम होत नाही. त्याने डोकं चालवायला घेतलं. घरं नेली. होड्या नेल्या, माणसं नेली, चर्चची घंटा नेली. काय नेता आलं नाही?

बटाट्याचं तळघर.

टेकडीच्या पोटात खणलेलं, दगडांनी बांधलेलं, वर माती आणि गवत. प्रत्येक घराला एक असायचं. त्याचं स्वतःचं स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यापासून दहा-बारा पावलांवर होतं. पण आता कोपरा कुठला? सगळीकडे एकसारखा पांढरा उतार. घराचे खांब, कुंपण, विहीर, सारं बर्फाखाली. झुडपं वाढून जमिनीचा चेहराच बदलला होता. हेझला आपलं घर कुठे होतं ते सांगता येईना, आणि त्याचं त्याला रडू फुटायची वेळ आली.

मग त्याने समुद्राकडे पाहिलं. समुद्रावर मासे कुठे लागतात ते पाण्यावर लिहिलेलं नसतं. कोळी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणतो, दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत, आणि दोन्ही रेषा जुळतात तिथे गळ टाकतो. हेझला असल्या कितीतरी जागा पाठ होत्या. आणि एक जागा त्याने कधी पाठ केली नव्हती, तरी तीच सगळ्यात पक्की होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभं राहिलं की बेटाचं टोक काळ्या खडकाच्या बरोबर मागे यायचं आणि डावीकडे चर्चच्या टेकडीआडून दीपस्तंभाचा नुसता माथा डोकावायचा. तीस वर्षं, रोज सकाळी.

तो उतारावर आडवा चालू लागला. खडक सरकला, बेट सरकलं. थोडं वर गेला, खाली आला. टोक खडकामागे गेलं. आता डावीकडे. दीपस्तंभाचा माथा दिसला, जरा जास्तच दिसला, म्हणून तो एक पाऊल मागे आला.

तो आपल्या खिडकीत उभा होता. तोच समुद्र, तेच बेट, चौकटीशिवाय. पोर्ट अल्डरला हीच खिडकी, हीच काच होती, पण बाहेर मासळीच्या कारखान्याची भिंत होती. दहा वर्षं त्याच्याजवळ घर होतं आणि जागा नव्हती. आता जागा होती. दोन्ही पुन्हा एकत्र कधी मिळणार नव्हतं, आणि हे त्याला आता लख्ख कळलं. पण मागे झाकणात गार्लंड बसला होता, म्हणून हेझने समुद्राकडे पाठ केली, चुलीला वळसा घातल्यासारखा मागच्या कोपऱ्यापाशी गेला, पावलं टाकली आणि कुऱ्हाडीने बर्फ खणायला लागला.

तळघराचा दगडी उंबरा लागला. लाकडी दार कुजलं होतं, पण आत कोरडं होतं आणि मातीचा, जुन्या बटाट्यांचा वास होता. गाडीचं झाकण दारात आडवं लावलं, वर धूर जायला फट ठेवली. मावशीच्या ढिगातल्या फळ्या आणल्या, ओल्या होत्या त्या पेट्रोल शिंपडून पेटवल्या. गार्लंडच्या पायावरचा स्पंज सोडला तर बोटं मेणासारखी पांढरी होती. हेझने आपला सदरा वर केला आणि तो पाय उघड्या पोटाशी धरला.

“काका, काय करता हे. राहू द्या.”

“गप्प बस. मला काही हौस नाही आली.”

बऱ्याच वेळाने गार्लंड कळवळला. बोटांत आग होतेय म्हणाला. इतकी गोड तक्रार हेझने आजवर ऐकली नव्हती. किटलीत बर्फ वितळवून त्याने चहा केला आणि पाय तसाच पोटाशी ठेवून दोघे डुलक्या घेत राहिले.

सकाळी आभाळ निवळलं होतं. गार्लंड झोपलेला पाहून हेझ बाहेर आला आणि पुन्हा खिडकीत जाऊन उभा राहिला. गाड्यांचा आवाज आला तरी तो हलला नाही. क्लेरन्स होता, त्याच्यामागे आणखी एक गाडी, आणि तिच्यावर पांघरुणात गुरफटलेली मायर्टल.

ती आधी तळघरात शिरली. नवऱ्याचा पाय पाहिला, नवऱ्याला बोलली, रडली, परत बोलली. तोवर क्लेरन्स हेझपाशी येऊन ओशाळून उभा राहिला.

“आम्ही माळावरच शोधणार होतो, हेझ काका. मायर्टल ऐकेना. म्हणाली, वेळ घालवू नका, बाबा घरी गेले असतील.”

आपल्या मनातलं कोणाला ठाऊक नाही, असं हेझ दहा वर्षं समजत आला होता.

तळघरातून मायर्टल बाहेर आली आणि त्याला पाहून निघाली. त्या कोऱ्या बर्फावर मागच्या कोपऱ्यापासून सरळ आली असती तर चार पावलांत पोचली असती. पण त्या कोपऱ्यातून, दारातून यावं तशी, आत आल्यावर ती डावीकडे वळली, काही नव्हतं तिथे अंग चोरून घेतलं, आणि लांबच्या बाजूने फिरून त्याच्याकडे आली. मधे स्वयंपाकघराचं टेबल असायचं. वळताना तिचं लक्षही नव्हतं. हेझच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याने ती पुसली नाही.

ती शेजारी येऊन उभी राहिली. बेटाकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं. मग लहानपणी होड्या परतायच्या वेळी करायची तसं कोपराने त्याला ढकललं.

“सरका की थोडं, बाबा. मला दिसत नाही.”

हेझ सरकला.