कापसातली गुलाबदाणी

“मास्तर, बूड पाहा. तुमच्या पुस्तकात बुडाचंच लिहेल हाये ना?” अर्जुनरावांनी गुलाबदाणी माझ्या हातात दिली.

“मास्तर बैलाचं वय नाही सांगत, पन काचेचं सांगते म्हणे!” पंच रंगराव म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

युरोपातली लाल बोहेमियन काच, तिच्यावर कोरलेलं पांढरं हरीण, कडेला सोनेरी रेघ. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यानं मला संग्रामपूरला धाडून तीन वर्षं झाली होती. काचसामानावरचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं, एवढ्यावरून गावानं मला जाणकार ठरवलं. तशी काच मी तोवर चित्रातच पाहिली होती. हे सांगायला हवं होतं.

घराची वाटणी चालली होती. अर्जुनरावांच्या थोरल्या भावाची विधवा रुखमाबाई, त्यांनी एवढी एकच वस्तू मागितली होती.

“माह्या मायनं लग्नात देल्ली. चाळीस वर्सं झाली.”

“काऊन खोटं बोलता, वैनी?” अर्जुनराव म्हणाले. “दादानं आता आता खामगावहून आनली. घराच्या पैशाची हाये.”

जुनी निघाली तर बाईंची, नवी निघाली तर घराची.

मी चष्मा पुसला. सोनेरी रेघ कुठेच झिजलेली नव्हती. बूड उजेडात धरलं, तेही गुळगुळीत. वर्षानुवर्षं उचलून-ठेवून जुन्या काचेच्या बुडाला बारीक ओरखडे पडतात, असं पुस्तकात होतं.

“नवी दिसते,” मी म्हणालो. “पाच-सात वर्षांची असेल.” आकडा कुणी विचारला नव्हता.

“झालं!” अर्जुनराव गुलाबदाणी घेऊन आत गेले.

रुखमाबाई रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “मास्तर, मी तिले कधी खाली टेकवलंच नाही. वरखडे कुठून येतीन?”

पंच उठले होते, चपला शोधत होते. मी पुस्तक पिशवीत घातलं.

निघताना ओसरीत बाईंची पत्र्याची पेटी उघडी दिसली. आत कापूस होता, पिवळा पडून घट्ट बसलेला. मधोमध खळगा: लांब मान, गोल पोट, वाटोळं बूड. पाच-सात वर्षांत कापूस इतका पिवळा होत नाही. हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. रंगराव अजून दारातच होते. मी त्यांना हाक मारली नाही.

रुखमाबाई पेटीशी बसल्या. खळग्याच्या कडेचा कापूस त्यांनी तोडला, पिंजला, आणि मांडीवर वात वळायला घेतली.