पाण्याच्या गाडीचं वायरिंग

त्या खरेदी-विक्री संघाचं नाव घेऊन आता काही उपयोग नाही. तेव्हाचे संचालक हल्ली सत्कार-समारंभांना पुढच्या खुर्च्यांवर बसतात आणि त्यांच्याकडे त्या गाडीचा विषय काढला, तर म्हणतात, कुठली गाडी? म्हणून ज्याला ती गाडी जन्मभर विसरता आली नाही, त्या मच्छिंद्रचंच सांगायचं.

गाडी म्हणजे लष्कराने टाकून दिलेला आणि संघाने लिलावात उचललेला पेट्रोलचा ट्रक. पेट्रोल असं प्यायचा की कळंबहून बार्शीला जाऊन येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. शेवटी तो गोदामामागच्या बाभळीखाली लावून ठेवला. दोन वर्षं कोंबड्या त्याच्या सीटवर अंडी घालत होत्या, आणि संघाच्या सभेत तेवढाच एक विषय हमखास हशा पिकवणारा होता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात चेअरमन ज्ञानोबाअण्णांना येरमाळ्याच्या घाटात उलटलेल्या एका ट्रकचं धडधाकट डिझेल इंजिन मिळालं. ते जुन्या गाडीत बसवायचं ठरलं. इंजिन बसवायला मिस्त्री गावातच होता, पण वायरिंगचं काय? पेट्रोल गाडीचं वायरिंग वेगळं, डिझेलचं वेगळं. तालुक्यात ते काम कुणाच्या बापाला येत नव्हतं. मग अण्णांना मच्छिंद्र आठवला. गावच्या बौद्धवाड्यातला मच्छिंद्र नऊ वर्षं सोलापूरच्या गॅरेजात हेच काम करत होता. अण्णांनी निरोप धाडला, आणि निरोपात एक गोष्ट स्वतःहून घातली. गाडी उभी केलीस तर तिच्यावर ड्रायव्हर तूच. संघाची पक्की नोकरी.

मच्छिंद्रकडे मोठ्या गाडीचं लायसन होतं, पण त्याच्या हाती गाडी द्यायची वेळ आली की मालकांना दुसरंच कुणीतरी आठवायचं. त्याच्या बापाचा जन्म अंमलदारांच्या घोड्यापुढे पळण्यात गेला होता. त्या बापाचा मुलगा संघाच्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसून गावातून जाणार, ही एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. त्याने सोलापूरचं काम सोडलं, बायकोला, शिवकांताला घेऊन गावी आला आणि गाडीखाली शिरला.

अठरा दिवस तो गाडीखालून निघाला नाही. जुनं वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं होतं. ते त्याने सगळं ओढून काढलं. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून कॉइल गेली, प्लगच्या वायरी गेल्या. जुनी गाडी सहा व्होल्टची, इंजिन सुरू करणारा नवा सेल्फ आणि बॅटरी भरणारा डायनामो बारा व्होल्टचे, म्हणून दिव्यांपासून हॉर्नपर्यंत सगळं बदललं. बाजारात वायर मिळाली ती एकाच रंगाची, काळी. मग त्याने शिवकांताच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या रंगवून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना बांधल्या. हिरवी सेल्फची, पिवळी डायनामोची, लाल दिव्यांची. सगळ्या वायरींची मिळून त्याने बाईच्या वेणीसारखी वेणी घातली आणि ती चासीला, गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळली.

सगळ्यांत मोठी भानगड बॅटरीची होती. जुन्या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला बांधलेलं असायचं. नव्या इंजिनाला बॉडीशी मायनस हवं होतं. उलटं जोडलं तर डायनामो आणि बॅटरी एकमेकांच्या उरावर बसणार आणि वायरिंग जळणार. म्हणून मच्छिंद्रने बॅटरीच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने ठसठशीत लिहिलं, ‘मायनस बॉडीला’. शिवाय व्यंकटला बोलावून तीनदा सांगितलं. व्यंकट म्हणजे अण्णांचा सख्खा भाचा, तिशीचा गडी, जुन्या गाडीवर क्लीनर होता. तो ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणाला, “सात वरसं हाच ट्रक हाताळलाय म्या. मला नगं शिकवूस.”

एकोणिसाव्या दिवशी गाडी चालू झाली, तीही पहिल्या सेल्फला. माणसं धावत आली. अण्णांनी सगळ्यांदेखत मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली. दिसायला साधी थाप, पण ती मारताना अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, आणि हे मच्छिंद्रने मनात टिपून ठेवलं. माणूस वेडा असतो, अशा गोष्टी टिपून ठेवतो.

गाडी उभी राहिली, पण वाहायचं काय? ज्वारी नाही, खत नाही, रानात नुसती ढेकळं. सारा तालुका सरकारच्या दुष्काळी कामांवर, खडी केंद्रांवर दगड फोडत होता. शिवकांताही रोज येरमाळ्याच्या वाटेवरच्या केंद्रावर जायची. तिथे प्यायला पाणी बैलगाडीतल्या पिंपांतून यायचं, येईल तेव्हा यायचं. दुपारी बाया भोवळ येऊन खडीच्या ढिगावर पडायच्या. हे रोज ऐकून मच्छिंद्रच्या तोंडून अण्णांपुढे निघून गेलं, “अण्णा, गाडीवर टाकी बसवा. केंद्रावर पाणी न्यायचं काम सरकार संघाला दील. गाडी दारात हुबी ऱ्हाण्यापरीस बरं.”

“डोकं हाय तुला,” अण्णा म्हणाले.

टाकी आली. ती बसवायला, तोटी जोडायलाही मच्छिंद्रच होता. गाडीच्या पूजेच्या आदल्या दिवशी अण्णांनी त्याला गोदामात बोलावलं आणि बसायला पोतं दिलं. अण्णा पोतं देतात तेव्हा काहीतरी काढून घ्यायचं असतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नऊ वर्षं बाहेर राहिलेल्या मच्छिंद्रला तेवढं ठाऊक नव्हतं.

“हे बघ मच्छिंद्र,” अण्णा म्हणाले, “माझ्या मनात काय न्हाय. आमच्या घरात तसलं कवाच न्हवतं. पर ही आता पाण्याची गाडी झाली. ज्वारी वाहायची असती, तर तूच बसला असतास.”

मच्छिंद्रला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, पाणी टाकीत आन् म्या केबिनात. म्या पाण्याला हात कुठं लावतोय?”

“लोक पिणार न्हाईत रं.”

“टाकी म्याच बसवली. तोटी म्याच आवळली. त्येचं काय?”

“ते कुणाला दिसतंय?” अण्णा सहज म्हणाले. “ड्रायव्हर दिसतो.”

टाकीची कल्पना मच्छिंद्रचीच होती. कुणी त्याच्या पायावर धोंडा टाकला नव्हता, त्याने स्वतः तो उचलून आणून टाकला होता. घरी आल्यावर शिवकांता एवढंच म्हणाली, “कामून सांगितली तुमी टाकी?” तुझ्यासाठी सांगितली, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण राग आला की त्याला बोलता यायचं नाही, आणि त्या दिवशी तर त्याला अण्णांचा, गावाचा आणि स्वतःचा असा तिहेरी राग आला होता.

गाडीवर व्यंकट बसला. पूजेसाठी गाडीला निळा रंग मारला. रंगाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने बॅटरीच्या पेटीवरूनही ब्रश फिरवला, आणि पांढरी अक्षरं निळ्याखाली गेली. मच्छिंद्रने ते लांबून पाहिलं. जाऊन सांगावं असं एकदा वाटलं, पण पूजेला त्याला बोलावलेलं नव्हतं. तो बाजारात एका दुकानाच्या वळचणीला बसून रेडिओ आणि बॅटऱ्या दुरुस्त करू लागला.

त्या दुष्काळात गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जायच्या. म्हणून संध्याकाळी गाडी लावली की बॅटरी काढायची, घरी न्यायची आणि सकाळी पुन्हा जोडायची, अशी सगळ्या ड्रायव्हरांची रीत होती. पहिले आठ दिवस इंजिन बसवणारा मिस्त्री शेजारी असायचा, तोच जोडून द्यायचा. नवव्या दिवशी मिस्त्री सासुरवाडीला गेला. व्यंकटने सात वर्षांच्या सवयीने प्लस बॉडीला बांधलं. सेल्फ फिरला. सेल्फचं तसंच असतं, त्याला उलटं-सुलटं कसंही जोडा, तो फिरतो एकाच बाजूला. इंजिन लागलं, व्यंकट विहिरीवर गेला, टाकी भरली आणि केंद्राच्या वाटेला लागला. अर्ध्या वाटेत पायांपाशी ठिणग्या उडाल्या आणि केबिनमध्ये काळा धूर झाला. त्याने इंजिन बंद केलं, उडी मारली आणि तो लिंबाखाली जाऊन बसला.

दुपारी बाराच्या सुमाराला अण्णा स्वतः फटफटीवरून बाजारात आले. आल्या आल्या ओरडले, “कसलं वायरिंग केलंस रं? जळलं की समदं! चारशे माणूस सकाळधरनं तान्हेलं हाय.”

चारशे माणसांत शिवकांता होती. मच्छिंद्रने पिशवीत पान्हे टाकले आणि फटफटीच्या मागे बसला.

बॉनेट उघडलं आणि बॅटरीकडे नजर जाताच त्याला सगळं कळलं. त्याने व्यंकटकडे पाहिलं. व्यंकटने मान वळवली. “अण्णा, बॅटरी उलटी जोडली ह्यानं,” मच्छिंद्र म्हणाला.

“ते मागनं बघू. आधी गाडी चालू कर.”

मागून कुणी काही बघितलं नाही, हे सांगायला नको. मच्छिंद्रने डायनामोची जळकी वायर कापून वेगळी केली. अठरा दिवस घातलेल्या वेणीचा हातभर कोळसा झाला होता. चिंध्यांची राख त्याच्या हाताला लागली. बॅटरी त्याने नीट जोडली आणि सेल्फच्या दोन टोकांना पान्हा टेकवला. दोनदा नुसता टक् असा आवाज झाला. तिसऱ्यांदा बॅटरीने असेल-नसेल तेवढं बळ लावलं आणि इंजिन लागलं.

“आता बंद पडू दिऊ नका,” तो म्हणाला. “बॅटरीत जीव न्हाय. डिझेलला चालायला वायर लागत न्हाय, पर बंद पडली तर आज ती पुन्यांदा चालू व्हत न्हाय.”

व्यंकट केबिनमध्ये बसायला तयार होईना. धुराची त्याने धास्तीच घेतली होती. अण्णांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा रस्ता पाहिला आणि म्हणाले, “चढ मच्छिंद्र.” ते स्वतः शेजारी बसले आणि व्यंकट फटफटी घेऊन मागून निघाला.

दोन मैल मच्छिंद्रने गाडी चालवली. जन्मात त्याला जे हवं होतं, ते त्याला दोन मैल मिळालं, तेही ओसाड रस्त्यावर, जिथे बघायला एक चिटपाखरू नव्हतं. तरी त्याला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगा. पाठीमागे टाकीतलं पाणी हिंदकळत होतं. आता वळण येईल, केंद्र दिसेल, माणसं उठून उभी राहतील आणि आपल्याला बघतील. तहानलेला माणूस जात विचारत नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

वळणाअलीकडे एक टेकाड होतं. तिथे अण्णा म्हणाले, “थांबीव. इंजन चालू ठिव.”

“कामून?”

“उतर. हितनं व्यंकट नील. दोनशे पावलं तर हाईत, तेवढ्यात काय जळत न्हाय.” मच्छिंद्र हलेना, तेव्हा अण्णांनी आवाज खाली आणला. “तुला बघितलं तर ओतून देत्याल पाणी. तान्हेली माणसं हाईत. पाप लागंल रं आपल्याला.”

इंजिन बंद करायची मूठ मच्छिंद्रच्या गुडघ्याजवळच होती. ती ओढली असती, तर गाडी तिथेच मेली असती. व्यंकट, अण्णा आणि सगळा संघ आला असता, तरी तिला दोनशे पावलं नेऊ शकला नसता. त्याने मूठ धरली. त्या क्षणी त्याला गावाचा इतका संताप आला होता की चारशे माणसं घशाला कोरड पडून मेली असती, तरी त्याला चाललं असतं. पण त्यांतली एक त्याची बायको होती, आणि दहा-पंधरा तिच्यासारख्याच, बौद्धवाड्यातल्या. त्याने मूठ सोडली आणि खाली उतरला. व्यंकट वर चढला, अण्णांनी पटक्याचा शेव सारखा केला आणि गाडी वळणापलीकडे गेली.

मच्छिंद्र तिच्या धुळीतून चालत केंद्रावर पोचला, तेव्हा दोन रांगा लागल्या होत्या. टाकीजवळची गावाची, आणि लांब, उन्हात, वाड्यातल्या माणसांची. मुकादम हरिबा तोटीपाशी उभा राहून ओरडत होता, “व्यंकटरावांनी पाणी आणलं बरं का! लोटालोटी करू नका.” एका म्हातारीने व्यंकटच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. व्यंकट हसला.

शिवकांताने नवऱ्याला पाहिलं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तिचा चेहरा खुलला, आणि कितीतरी दिवसांनी ती मोठ्याने बोलली, “अवं, तुमी? गाडी तुमी आणली न्हवं?”

पुढच्या रांगेतल्या बायांनी माना वळवल्या. भरायला लावलेली एक घागर तोटीखालून अर्धवट मागे आली. हरिबाचा हात तोटीवर थांबला. पाणी जमिनीवर पडू लागलं आणि कुणी भांडं पुढे करेना. अण्णा गाडीपलीकडून नुसते बघत होते. त्यांना ठाऊक होतं, आता बोलायचं काम मच्छिंद्रचं आहे.

शिवकांताचे ओठ फुटले होते. तिच्या रांगेला अजून एक थेंब मिळाला नव्हता, आणि पुढची रांग उधळली तर मिळणारही नव्हता.

“म्या कुठली आणतोय?” मच्छिंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. “म्या वाटंत निस्ती वायर जोडून दिली. गाडी व्यंकटरावांनी आणली.”

घागर पुन्हा तोटीखाली गेली. बाया पुन्हा बोलू लागल्या.

शिवकांताला ते खरं वाटलं. न वाटायचं कारण नव्हतं, नवरा तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “मंग त्याला नीट शिकवून तरी ठिवा. आज तुमी घावलात म्हणून पाणी मिळालं. रोज कुठं घावणार?”

“शिकवतो,” मच्छिंद्र म्हणाला.

आणि त्याने खरंच शिकवलं. दुसऱ्या दिवशी नव्या वायरीची वेणी घालताना व्यंकटला शेजारी बसवून घेतलं, कुठली वायर कशाची ते एकेक दाखवलं, बॅटरी त्याच्याच हाताने दहा वेळा काढायला आणि जोडायला लावली. व्यंकट काही मठ्ठ नव्हता. आठ दिवसांत तो तयार झाला, आणि त्यानंतर संघाने मच्छिंद्रला कधी बोलावलं नाही.