समोवाराची खरडपट्टी

फाजीची जीभ अख्ख्या गावाला माहीत होती. बाई मनाची वाईट नव्हे, पण तोंडात आलेला शब्द गिळायचा कसा, हे तिला जन्मात जमलं नाही. नवरा समद अगदी उलटा. हिच्या दहा वाक्यांना त्याचा एक हुंकार. तरी दोघांचं बरं चाललं होतं. मुलगे श्रीनगरला कामाला, घरात ही दोघंच, आणि हरूदाचे, पानगळीचे दिवस आले, हवेत गारवा भरला, की दोघांच्या अंगात काहीतरी संचारायचं. एका वर्षी कुणाला न सांगता बसने पहलगामला जाऊन नदीत पाय सोडून बसली. दुसऱ्या वर्षी मासे धरायला गेली आणि समदचा एक बूट ओढ्यात घालवून आली. सुना नाकं मुरडायच्या. मुरडू देत, फाजी म्हणायची, तुमचं वय झालं की तुम्हीही जा.

त्या सकाळी ती अंगणात भोपळ्याच्या चकत्या हिवाळ्यासाठी दोऱ्यात ओवत बसली होती. कुंपणापलीकडून शेजारीण शाहमालने विचारलं, "फाजी, यंदा तुमचे अक्रोड कोण झोडपणार गं? गनीचा तर खांदा निखळलाय म्हणे."

गनी दर वर्षी त्यांच्या झाडावर चढायचा. समदचा गुडघा मधेच अडकायला लागला तेव्हापासून त्याने चढणं सोडलं होतं.

"कोण झोडपणार? आमचे हे आहेत ना!" फाजी हसली. "माळ्यावरची गादी काढायची तर शेजाऱ्याला हाक मारतात. झाडाखाली उभे राहतील आणि अक्रोड सलाम करून खाली उतरायची वाट बघतील!"

शाहमाल पोट धरून हसली. तिच्या सुनाही हसल्या. समद भिंतीआड लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा आवाज थांबला, तेव्हा फाजीच्या लक्षात आलं, की त्याने सगळं ऐकलंय.

थोड्या वेळाने तो लांब काठी खांद्यावर टाकून पुढे आला. "समोवार घे, रोट्या घे. यंदाची सहल अक्रोडाखाली."

चला, रागावले नाहीत, म्हणून फाजी खुशीत निघाली. झाड गावाच्या वर, झऱ्यापाशी होतं. खाली धोंडेच धोंडे. गावची माणसं दूर खाली भाताच्या खाचरात झोडणी करत होती, त्याचे धपधप आवाज तेवढे वर येत होते. फाजीने तांब्याच्या समोवारात पाणी भरलं, त्याच्या पोटातल्या नळीत निखारे घातले, आणि चहा उकळेपर्यंत आपसूक पडलेले अक्रोड वेचून सोलायला बसली. हिरव्या सालीच्या रसाने बोटं बघता बघता काळी झाली. हा डाग पुढे महिनाभर हटत नाही.

मान वर केली, तर समदने अंगातला लांब फेरन काढून ठेवला होता, बूट काढले होते आणि काठी पाठीला बांधत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"गादी काढतोय माळ्यावरची," समद म्हणाला.

तेव्हाच तिने म्हणायला हवं होतं, की चुकले, उतरा, मी आपली थट्टेत बोलले. पण माघार घ्यायची जिभेला सवय कुठे होती? "चढा, चढा," ती म्हणाली. "बघते ना मीही."

त्याचे पाय जमिनीवरून सुटले आणि फाजीचं तोंड मिटलं. त्या गावात दंडकच होता, अक्रोडावर चढलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, त्याला नावाने हाक मारायची नाही. हाक ऐकली की मान वळते, मान वळली की पाय सुटतो. शाहमालचा दीर असाच गेला होता, पोराने "अब्बा" म्हणून हाक मारली म्हणून.

समद चढला मात्र झकास. जुन्या सवयीने एकेक खाच शोधत वरच्या दुबेळक्यात जाऊन बसला आणि झोडपायला लागला. अक्रोड टपाटप पडू लागले. फाजीला, खोटं कशाला बोला, अभिमानच वाटला. संध्याकाळी शाहमालला काय काय ऐकवायचं याची तिने मनात जुळवाजुळवही केली.

आणि मग काठीचा आवाज थांबला.

ती वाट बघत राहिली. दम खात असतील. तेवढ्यात काठीच फांद्यांवर आपटत खाली आली आणि धोंड्यांवर पडून उड्या मारत झऱ्याकडे गेली. फाजीने वर पाहिलं. समद खोडाला मिठी मारून होता. गाल सालीला चिकटलेला, एक पाय फांदीवर, दुसरा हवेत. त्याचा तो अडकणारा गुडघा आखडला होता. उघडी टाच थरथरत होती, इतकी, की खालून दिसत होती.

या खुदा! ओरडायची सोय नाही. पळत जाऊन माणसं आणावीत, तर खाचरापर्यंत जाऊन येईतो ह्यांचे हात टिकायचे नाहीत. आणि आपण पळताना ह्यांनी वरून मान वळवून पाहिलं तर? हीच ती जीभ. सकाळी चार बायकांना हसवायला किती चुरुचुरु चालली, आणि आता टाळ्याला चिकटली.

ती समोवारापुढे मटकन बसली. समोर तांब्याचं ते फुगीर भांडं, तोंडातून वाफ सोडतंय. माणसाशी बोलायचं नाही, असं होतं ना? ठीक आहे.

"काय रे ए फुगीरपोट्या," ती समोवाराला म्हणाली. रोज भांडताना लागायचा तोच सूर तिने मोठ्या कष्टाने लावला. "किती वर्षं झाली तुला या घरात? अक्कल आली का? नुसता फुरफुरतोस! घाई कसली झालीय तुला? जरा दम घे. श्वास घे नीट, नाकाने. चहा काय पळून चाललाय?"

वर काही हललं नाही. पण टाचेची थरथर थोडी कमी झाली असावी.

"आणि तो आखडलेला पाय लोंबू दे की नुसता. त्याच्यावर भार कोण दे म्हणतंय तुला? आमच्या घरचा माणूस कसा उतरायचा, ठाऊक आहे का? लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय मी. लोक अक्रोड बघायचे, मी ह्यांचे पाय बघायची. आधी डावा हात खालच्या गाठीवर. ती उंटाच्या पाठीसारखी गाठ नाही का? हं. मग चांगला पाय सरकवत खाली, फांदी लागेस्तोवर."

समदचा डावा हात हळूच सुटला. गाठ सापडली. पाय सरकला. डोळे मिटावेत असं वाटत असूनही फाजीने ते मिटले नाहीत.

"लागली ना? मग! तरी मेला म्हणतो, मला जमत नाही. आता पोट खोडाला चिकटव, आहेच तेवढं मोठं. सुनेच्या हातचं खाऊन आलास ना ईदला? बस खाली. बस म्हटलं की बस!"

तो फांदीवर बसला. खालची फांदी गाठली. आता जमीन दीड माणूसभर खाली, पण तिथे तेच धोंडे. फाजी बोलतच होती, भोपळ्याच्या चकत्यांवर, ओढ्यात गेलेल्या बुटावर, काय तोंडाला येईल त्यावर. आणि समदने सवयीने उजवा पाय मागे टाकला. नेहमी तिथे एक जाड फांदी असायची. आता नव्हती. न बघताच तो त्या पायावर भार द्यायला निघाला.

"अरे ए ठोंब्या!" फाजीचा आवाज चिरकला, पण तोंड समोवाराकडेच होतं. "गेल्या हिवाळ्यात बर्फाने मोडली ना ती उजवीकडची फांदी! मीच ओढत घरी नेली. तिचाच कोळसा जळतोय तुझ्या पोटात, आणि तिच्यावर पाय ठेवायला निघालास?"

पाय हवेत थांबला. थांबला, आणि मुकाट्याने परत आला.

वाऱ्याने पानं गळत होती. मग फाजी उठली, खोडाला पाठ लावून उभी राहिली आणि खाली बघूनच पुटपुटली, "इथे एक खांदा आहे म्हणावं. त्याच्यावर पाय ठेवावा म्हणावं."

खरखरीत, गार पाऊल तिच्या खांद्यावर टेकलं. सगळं वजन आलं. तिचे दात एकमेकांवर आवळले गेले. मग समद घसरत तिच्या अंगावरूनच खाली आला आणि दोघं अक्रोडांच्या ढिगात बसली.

चहा उकळून अर्धा झाला होता. फाजीने पेला भरायला घेतला आणि तसाच खाली ठेवला. आता ती बोलेल, मग बोलेल, म्हणून समद वाट बघत होता. ती समोर बघत बसली होती, ओठ घट्ट मिटून.

"फाजी," तो म्हणाला. "बोल ना काहीतरी. तू गप्प बसलीस की मला वाटतं, मी अजून वरच आहे."

बस. बांधच फुटला. "बोलू? काय बोलू? म्हातारपणी माकडचाळे सुचतात! मी काय एकटीने चहा प्यायचा होता का जन्मभर? आणि जीभ मेली माझी, झडून का नाही पडली सकाळीच?" ती बोलत होती, रडत होती, सालीच्या रसाने काळ्या झालेल्या दोन्ही हातांनी डोळे पुसत होती, पुन्हा बोलत होती. समद तिच्या फेरनची बाही मुठीत धरून ऐकत होता. त्याला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाहमाल कुंपणाशी आली. अंगणात अक्रोडांची रास होती, आणि फाजीच्या दोन्ही डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत काळे ओघळ उमटले होते. साबणाने घासून गाल लाल झाले, ओघळ होते तसेच. ते कशाचे, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. शाहमालने एकदा रास पाहिली, एकदा फाजीला पाहिलं, आणि हळूच विचारलं, "कोण चढलं होतं गं?"

"हे चढले होते," फाजी म्हणाली, आणि पुढे एक शब्द न बोलता चकत्या ओवू लागली.