आम्रपालीचा फ्लेक्स

मी जळालेल्या मोटरची कॉइल काढत होतो. तेवढ्यात देवव्रत दुकानात आला. हातातल्या पिशवीत शाल आणि नारळ. महाडच्या कापड दुकानदाराचं पोलादपुरात, माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात काय काम असेल, ते मला कळेना.

"जयभीम, काका."

त्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकलं.

"मोटर जळली काय?"

"नाही हो. रविवारी आमच्या मंचाचा कार्यक्रम आहे, महाडला. मॅडमच्या स्मरणार्थ. तुम्ही स्टेजवर बसायचं."

"कुठल्या मॅडम?"

"चेष्टा करता काय, काका? आपल्या आम्रपाली मॅडम."

आपल्या! माझी बायको पावसाळा संपता संपता गेली. काविळीचं निमित्त झालं. तिच्यामागे केलेल्या पुण्यानुमोदनाला हा माणूस आला नव्हता. मी शाल घेतली, कारण दारातल्या माणसाला परत पाठवायचं तिला आवडत नसे. पण शाल पिशवीतून बाहेर काढली नाही.

आम्रपाली महाडच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवायची. एकदा तिनं वर्गातल्या मुलांना आवडत्या नेत्यावर बोलायला सांगितलं. अंकिता नावाची हुशार मुलगी उभी राहिली आणि हिटलरवर बोलली. त्याची शिस्त, त्याचं नियोजन, त्याची भाषणं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आम्रपाली घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अंकिताला एवढंच म्हणाली, "ताळेबंदाला दोन बाजू असतात, तू एकच मांडलीस. साठ लाख ज्यू मारले, ते कुठल्या बाजूला लिहायचे?" अंकिताला ते माहीतच नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नव्हतं.

तिथून तिनं ते काम धरलं. कॉलेजं, वाचनालयं, बोलावतील तिथे जाऊन बोलायची. सगळे पैसे ज्यूंच्या हातात, सगळ्या लढायांमागे ज्यू, असले मेसेज मोबाईलवर आले की प्रत्येकाला उत्तर लिहायची. मी विचारलं, "आपलं नि त्यांचं नातं काय गो? इथं एक तरी ज्यू हाय काय?"

ती म्हणाली, "अहो, आपल्याबद्दल लोक काय काय बोलायचे, ते तुम्ही ऐकलंय ना? ऐकत बसलेल्यांपैकी कुणी कधी मध्ये बोललं होतं?"

मी पुन्हा विचारलं नाही.

देवव्रतशी तिची गाठ पडली ती नंतर. त्यानं कॉलेजच्या रस्त्यावर दुकान काढलं, 'हिटलर मेन्सवेअर'. खाली लिहिलं होतं, स्टाईलचा हुकूमशहा. आम्रपाली रोज स्टँडवरून कॉलेजला जाताना आत शिरायची आणि विचारायची, "बोर्ड कधी बदलताय?"

तो म्हणायचा, "मॅडम, नाव चालतंय. गिऱ्हाईक थांबून बघतं."

"नाव चालतं हे मीच शिकवते. या नावानं तुम्ही काय विकताय ते सांगा."

अखेर त्यानं बोर्ड बदलला, पण गावभर सांगत सुटला की या बाईला इस्रायलहून पैसे येतात. कॉलेजात चौकशी लागली. निघालं काहीच नाही, पण विभागप्रमुखाची खुर्ची तिच्या हातून गेली ती गेलीच. पुढे इस्रायलचं युद्ध पेटलं तेव्हा मुसलमान मोहल्ल्यातल्या तिच्या विद्यार्थिनींनीही विचारलं, मॅडम, तुम्ही त्यांच्या बाजूच्या का? ती म्हणाली, "तिथल्या सरकारला हवं ते बोला, मीही बोलते. पण जन्मावरून माणसांना शिव्या दिल्यात तर मी मध्ये उभी राहीन. तुम्हाला कुणी दिल्या तरी राहीन." त्या मुली पुण्यानुमोदनाला आल्या होत्या.

आणि आता देवव्रत शाल घेऊन आला होता.

शनिवारी सकाळी अंकिताचा फोन आला. ती आता महाडला फ्लेक्स छापण्याच्या दुकानात डिझाइन करते.

"काका, उद्याचा फ्लेक्स छापून झालाय. न्यायच्या आधी तुम्ही बघून जा."

"का? काय हाय त्यात?"

"तुम्ही या. फोनवर नको."

ही मला का सांगते? हिचं देवव्रतशी काही वाकडं असेल काय? हिलाच कुणी फोन करायला लावला नसेल कशावरून? एस.टी.त बसून मी हाच विचार करत होतो. शालीची पिशवी सोबत होती.

फ्लेक्स जमिनीवर पसरला होता. एका बाजूला आम्रपाली, निळ्या साडीतली. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवरचा फोटो उचलून माणसाएवढा केलेला. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

ज्यूंचा शत्रू तोच आपला शत्रू. तो आपल्या शेजारीच राहतो!

मी दोनदा वाचलं.

"हे तिचं बोलणं हाय?"

"नाही, काका. मी देवव्रतना म्हटलं, मॅडम असं कधीच बोलल्या नाहीत. ते म्हणाले, तू छाप."

"नि तू छापलंस."

"छापलं," ती खाली बघून म्हणाली. "मग राहवेना, म्हणून फोन केला."

तेवढ्यात देवव्रत आलाच. "अरे वा, काका! फोटो कसा आलाय?"

"फोटो चांगला हाय. बाजूला लिवलंय ते कुनाचं?"

"मंचाचं. मॅडम आमच्याच विचारांच्या होत्या."

"कवापास्नं? तुझा बोर्ड उतरवला तवापास्नं?"

तो हसला. "काका, राग मानू नका, तुम्ही मोटरवाले. मॅडमचं काम तुम्हाला कळलं नाही."

"नाय कळलं सगळं. पन तुझा बोर्ड आनि हा फ्लेक्स एकाच दुकानातला हाय, येवढं कळतंय."

मी टेबलावरचा कटर घेतला आणि खाली बसलो. तिच्या खांद्याकडून सुरुवात केली आणि निळी साडी सांभाळत कडेनं कापत गेलो.

"अहो, पैसे भरलेत आम्ही! फोटो मोबाईलमध्ये आहे, दुसरा छापून घेऊ."

"मी छापणार नाही," अंकिता म्हणाली.

"दुसरीकडे छापू."

"छाप," मी म्हटलं. "मी समोर पहिल्या रांगेत बसतो. माइकवर येऊन एकच इचारतो, हे वाक्य ती कुठं बोलली ते दाखवा. मोहल्ल्यातल्या तिच्या पोरींनाबी घेऊन येतो."

मी शाल-नारळाची पिशवी त्याच्या हातात दिली आणि आम्रपालीला गुंडाळून काखेत घेतलं. तो कार्यक्रम करील की नाही, याची मला खात्री वाटत नव्हती. अंकितानं दारात पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घेतला.

परतीच्या गाडीला मंजुळा कंडक्टर होती.

"काय ओ, निवडणुकीला उभे र्‍हाता काय? कुनाचा फ्लेक्स हाय?"

"बाईमानसाचा."

"मग अर्धं तिकीट लागंल," ती हसली. तेवढ्यात गुंडाळी सैल झाली आणि आम्रपालीचं कपाळ आणि एक डोळा बाहेर आला.

मंजुळाचं हसू थांबलं. पुढे खिडकीशी एक माणूस ऐसपैस बसला होता.

"उठा ओ दादा, मागं बसा. मॅडम रोज हितंच बसायच्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं, काखेतल्या गुंडाळीकडे बघितलं, आणि उठला. मी फ्लेक्स खिडकीशी उभा केला आणि शेजारी बसलो. मंजुळानं मनगटातलं रबर काढून गुंडाळीला घातलं, मग पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला गेली.